मानाचा खिळा

त्या राज्यात सगळी भांडीच राहत, आणि सगळ्यांचा संसार एका टाकीवर चाले. डोंगराच्या पायथ्याशी भट्टी होती, भट्टीवर ती बंद लोखंडी टाकी, आणि तिच्यातली वाफ नळांनी घरोघर जाई. आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नसे. आत पाण्यावर तरंगा असे. पाणी किती उरलं ते तो तार ओढून काट्याला कळवी. हा काटा बाहेर तबकडीवर असे; वाफेचा जोर अंगावर घेऊन तो तेवढा सरके, आणि हिरव्या पट्ट्यात असला की सगळं ठीक समजायचं. काटा तांबड्या रेघेला टेकला की झडपेने उघडायचं, अशी रीत होती.

काटा सदा थरथरत असे. त्याचं कामच ते होतं, पण राजा रांजणाला त्याचा फार जाच वाटे. तबकडी भोजनगृहासमोरच होती, आणि काटा हलला की महाराजांच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रधानकी झाकणाकडे होती. महाराजांची मर्जी सांभाळण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. झाकणाने तोडगा काढला: काट्याला रागवायचं नाही, त्याचा सत्कार करायचा.

मग काय विचारता! मंडप पडला, सनई वाजली, घागरींनी ओवाळलं. झाकणाने काट्याच्या निष्ठेवर लांबलचक भाषण केलं आणि हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, काट्याच्या टोकाजवळून आरपार, सोन्याचा खिळा ठोकला. टाळ्यांच्या कडकडाटात त्याचं कण्हणं कोणाला ऐकू गेलं नाही. खरं सांगायचं तर काटाही मनातून सुखावला होता. आजवर त्याच्याकडे कोणी प्रेमाने बघितलंच नव्हतं.

राज्य निर्धास्त झालं. काटा हिरव्यावर आहे म्हणताच भट्टीवरच्या चिमट्यांनी कोळसा वाढवला. महाराज दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले.

पण आत पाणी आटत चाललं होतं. तरंगा आधी हळूच तार ओढी, मग हिसके देऊ लागला. वाफेचा जोर काट्याला आतून ढकलत होता आणि खिळा त्याला सोडत नव्हता. काट्याने झाकणाला सांगून पाहिलं. मानकऱ्याने असं चुळबुळणं शोभत नाही, असं उत्तर मिळालं.

एके दुपारी, राजवाड्यात पंगत बसली असताना, टाकीचे सांधे कुरकुरले. काट्याला कळून चुकलं की आता उशीर झाला तर पंगतीतलं एकही भांडं धड राहणार नाही. खिळ्यातून निसटायचं तर टोक तुटणार होतं, आणि त्या राज्यात मोडक्या काट्याची जागा भंगारात होती. त्याला भीती वाटली. तरीही त्याने वाफेच्या जोराला आपला जोर जोडला आणि जीव खाऊन रेटा दिला. टोक तुटलं. खिळा उडाला तो थेट महाराजांच्या ताटात पडला. उरलेला काटा तांबड्या रेघेवर जाऊन आदळला.

झडपेने त्याच्याकडे पाहिलं. तिला ओळखच पटेना.

"थोटका झालास की रे. तूच ना?"

"मीच गं बाई. उघड."

तिने उघडलं. वाफेचा लोट आभाळाला भिडला, आणि अशी शीळ घुमली की माळ्यावरची वाटीसुद्धा जागी झाली. चिमट्यांनी निखारे मागे ओढले. टाकी निवल्यावर सावकाश पाणी सोडलं, तसा तरंगा वर येऊ लागला. राज्यात कुणाला पोचासुद्धा आला नव्हता. लहानथोर भांडी तबकडीखाली जमली आणि थोटक्या काट्याच्या नावाने इतकी खणखणली की डोंगर दुमदुमला. महाराजही उष्ट्या हाताने धावत आले होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

तो खिळा आता भोजनगृहाच्या भिंतीत आहे. त्यावर झाकण टांगलेलं असतं.

परवा जेवताना महाराजांनी सवयीने तबकडीकडे पाहिलं. काटा क्षणभर स्तब्ध होता. महाराजांचा घास हातातच राहिला, वाढपी पळ्या थबकल्या, सगळी पंगत श्वास रोखून वर बघू लागली.

काटा थरथरला. महाराजांनी घास तोंडात घातला, आणि पंगत हसतखिदळत जेवू लागली.