न सांगणाऱ्याचं गाठोडं

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात दरवर्षी घराघरांत पाणी शिरायचं. म्हणून गावाने डोंगरावर एक दगडी कोठार बांधलं होतं. बियाणं, लग्नातले शालू, औषधी मुळ्या, जे जपायचं ते सगळं तिथे. सामान वर नेण्याचं काम गाढववाल्यांचं आणि त्यांच्यावर एक मुकादम.

सामान पोचवायच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे, कोठार सांभाळणारी कोठारीण आतून "ठेवलं" म्हणेपर्यंत दारातून हलायचं नाही. दुसरी, दाराशी गाठोडं उतरवून लगेच फिरायचं. ती सवडीने आत घेईल. ज्याने जसं सांगितलं तसं होई. पण बहुतेक लोक काहीच सांगत नसत. गाठोडं दिलं की आपापल्या चुलीकडे वळायचे. त्यांच्यासाठी कुठली रीत, ते मुकादमाने ठरवायचं. आजवर तो अशांसाठी थांबायलाच सांगत आला होता.

एकदा बाजारात शेजारगावचे गाढववाले त्याला म्हणाले, "काय मुकादम, तुमची गाढवं वर जाऊन दुपारची झोप काढतात वाटतं?"

सगळे हसले. मुकादमाला ते फार लागलं. घरी येऊन तो म्हणाला, "आजपासून जो काही सांगणार नाही, त्याचं दाराशी टाकायचं आणि फिरायचं. बघू आता कोण हसतंय."

बायको शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "अहो, पण एखाद्याची जपायची वस्तू असली तर?"

"तर सांगेल की. तोंड आहे ना त्याला."

"तोंड आहे हो. पण असं सांगावं लागतं, हे कुणाला ठाऊक आहे?"

मुकादमाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाढवं भराभर जाऊन येऊ लागली. बाजारात वाहवा झाली.

त्याच गावात एक माळीण होती. तिच्याकडे पांढऱ्या वांग्याचं बी होतं, आईकडून आलेलं, पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नसलेलं. त्या वांग्यांवरच तिचं घर चालायचं. तिने बी फडक्यात बांधून गाढववाल्याकडे दिलं आणि घरी गेली.

पेरणीच्या वेळी तिने बी मागवलं. कोठारीण म्हणाली, "माझ्याकडे आलंच नाही."

मुकादम स्वतः वर गेला. दाराशी फाटकं फडकं आणि शेळ्यांच्या लेंड्या. काय झालं ते सांगायला कुणी लागलं नाही.

खाली येऊन तो माळिणीला म्हणाला, "वहिनी, 'हाक येईपर्यंत थांबा' एवढं सांगायचं होतंत."

माळीण चिडली नाही. हळूच म्हणाली, "भाऊजी, मी तुमच्याकडे दिलं ते जपायलाच ना? आणखी काय सांगायचं असतं?"

मुकादम पुन्हा डोंगर चढून कोठारापाशी गेला.

नशीब एवढंच, की दाराजवळच्या दगडांच्या फटीत चार बिया पडून रुजल्या होत्या. मुकादमाने ती रोपं मुळांच्या मातीसकट उचलून तिच्या परसात आणून लावली. त्या वर्षी तिला विकायला वांगं नव्हतं. होती नव्हती ती सगळी बियाण्यासाठी पिकवावी लागली. घर दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपून चाललं.

मुकादमाने रीत बदलली. "जो काही सांगणार नाही, त्याच्यासाठी हाक येईपर्यंत थांबा. मात्र जन्मभर नको. एक पान चघळून होईपर्यंत थांबा. तरी हाक आली नाही, तर गाठोडं परत आणा आणि ज्याचं त्याला तसं सांगा. ज्याला घाई असेल, तो आपण होऊन बोलेल."

बाजारात पुन्हा हसणं सुरू झालं. "मुकादम, गाढवं उठली का?"

"उठतील सावकाश," तो म्हणाला आणि गूळ घ्यायला पुढे गेला.

पुढच्या वर्षी माळिणीने नवं बी बांधून दिलं. याही वेळी ती काहीच बोलली नाही. गाढववाला दारात पान चघळत उभा राहिला आणि आतून "ठेवलं" अशी हाक आल्यावरच फिरला. माळीण तेव्हा परसात रोपांना आळी करत होती. तिला यातलं काही कळलंही नाही.

तात्पर्य एवढंच: जो काही सांगत नाही, त्याच्या वतीने ठरवताना आपली वाहवा बघू नये, त्याचं नुकसान होणार नाही हे बघावं.