दुसराही असाच विणा

कधीकाळची गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, माझ्या पणजीलाही ठाऊक नव्हतं. डोंगरांच्या आड एक थंड मुलूख होता. तिथली माणसं सहा महिने लोकरीत गुंडाळलेली असायची आणि उरलेले सहा महिने पुढच्या थंडीसाठी विणत बसायची.

त्या मुलखात भामाक्का नावाची एक बाई होती. तिचं काम नुसतं विणण्याचं नव्हतं, नमुने काढण्याचं होतं. टोपी म्हणा, बंडी म्हणा, शाल म्हणा, जे हवं असेल ते ती आधी मनात विणायची. मग सुया किंवा क्रोशा घेऊन एक नग करून बघायची. जमला की चावडीवर बसून ओळीओळीने सांगायची: इतके टाके घाला, दोन सुलट, दोन उलट, इथे वाढवा, इथे कमी करा. समोर वीस बाया बसायच्या. अक्का सांगायची आणि वीस जणींचे हात चालायचे.

बाईची अक्कल काय सांगू तुम्हाला! तिच्या टोपीत वारा शिरायचा नाही, आणि तिचे मोजे तीन थंड्या सहज टिकायचे. उगाच नाही मुलूखभर तिला मान होता.

पण तिला दोन खोडी होत्या.

पहिली खोड अशी, की एक नग झाला की तिचा जीव उडायचा. एक मोजा विणायची हौसेनं, आणि दुसऱ्याची पाळी आली की कंटाळा. विणणाऱ्या बायांना विचारा, हसतील त्या. हा रोग जुना आहे. "दुसराही असाच विणा," असं म्हणून ती सुया खाली ठेवायची. पायमोज्यांना ते चालून जायचं. पायमोज्याला कुठलं आलंय डावं आणि उजवं?

दुसरी खोड मात्र हसण्यासारखी नव्हती.

त्या गावात एक पद्धत होती. नवा नमुना आधी गावातल्या सगळ्यात कच्च्या हाताच्या बाईकडून विणून घ्यायचा. पक्क्या हाताची बाई काय करते, सांगणारीची चूक आपल्या हुशारीनं सावरून घेते. कच्च्या हाताची बाई सांगितलं तसंच्या तसं विणते, आणि चूक उघडी पडते. फार शहाणी पद्धत होती हो ती. हे काम ठमाबाईकडे असायचं. ठमाबाईची बोटं जाड, चाल मंद आणि शंका शंभर. "अक्का, इथे टाका का वाढवायचा? अक्का, ही कुठली बाजू?" असं तिचं अखंड चालायचं.

एका थंडीत भामाक्काचा पारा चढला. भरल्या चावडीत तिनं ठमाबाईच्या हातातली टोपी ओढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत, सरसर, पहिल्या टाक्यापर्यंत उसवून टाकली. म्हणाली, "तुला विणता येत नाही, ते माझ्या नमुन्याच्या माथी मारू नकोस."

ठमाबाई बिचारी लोकरीचा गुंता पदरात घेऊन घरी गेली. ती पद्धत त्या दिवशीच मोडली. त्यानंतर चावडीवर कुणी शंका विचारली नाही. भामाक्काला वाटलं, बरं झालं, बाया शहाण्या झाल्या. शहाण्या झाल्या म्हणे!

आता ऐका पुढे.

भामाक्काला जिवाभावाचं माणूस एकच, धाकटा भाऊ सिदू. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलेला. सिदू दोरकरी होता. गावाच्या पायथ्याशी नदी, तिला ओढ भयंकर. तिथं नाव वल्ह्यांनी चालायची नाही. काठावर वीस दोरकरी उभे राहायचे आणि नावेला बांधलेला जाड दोर हातानं ओढून तिला पैलतीरावरून आणायचे. थंडीत तो ओला दोर हातातून निसटायचा आणि जाताना कातडी घेऊन जायचा.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावरच सिदूचा उजवा तळवा असाच फाटला. वैद्यानं पट्टी बांधली आणि स्पष्टच सांगितलं, "जखम भरून येईल. पण हा तळवा पुन्हा फाटला, तर हात गेला म्हणून समज."

भामाक्काच्या काळजात धस्स झालं. दोरकऱ्याचा उजवा हात गेला तर राहिलं काय? तिनं ठरवलं, असा हातमोजा काढायचा की दोर निसटताच कामा नये.

सिदूचा उजवा हात पट्टीत होता, म्हणून तिनं माप डाव्या हाताचं घेतलं. आठ वेळा विणला, आठ वेळा उसवला. नवव्यांदा जमला. तळव्याच्या बाजूनं क्रोशानं घट्ट गाठी काढल्या होत्या, दोर त्यांत अडकून राहील अशा. आतून मऊ, गुळगुळीत लोकर. मागची बाजू साधी.

सिदूनं तो डाव्या हातात चढवला, ओला दोर पकडला आणि ओरडलाच, "अक्का, हलत नाही गं! तसूभर हलत नाही!"

भामाक्काला रडू फुटलं. तशीच डोळे पुसत ती चावडीवर गेली. वीस दोरकरी, वीस जोड्या, प्रत्येक बाईला एक जोडी. तीन दिवस बसून तिनं ओळ न ओळ सांगितली. किती टाके तळव्याचे, किती पाठीचे, अंगठा कुठल्या कडेला काढायचा, गाठी कशा उठवायच्या. एक हातमोजा पुरा झाला, आणि जिभेवरची सवय बोलून गेली:

"आता दुसराही असाच विणा."

अहो, दुसरा असाच कसा विणायचा? हाताला डावं-उजवं असतं की नाही? अंगठ्याची कड बदलायला नको? आठ वेळा उसवून बारीकसारीक सुधारणारी बाई ती, आणि एवढी ढळढळीत गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. दुसरा नग तिनं जन्मात कधी विणलेलाच नव्हता, तर येणार कशी?

चावडीवरचे हात क्षणभर थांबले. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. भामाक्काला वाटलं, दमल्या असतील.

"बघत काय बसलात? थंडी दारात आलीये. चला, हात चालू द्या!"

आणि हात चालू लागले.

पुढे पंधरा दिवसांनी डोंगरावर बर्फ पडायला लागलं. पैलतीरावरची बिऱ्हाडं लेकराबाळांसह खाली उतरली आणि नावेची वाट बघत उभी राहिली. त्यांना अंधार पडायच्या आत अलीकडे आणायला हवं होतं. दोरकरी घाटावर जमले. बायांनी हातमोज्यांची टोपली आणून ठेवली. भामाक्कानं वरचा एक उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खूश झाली. वीण कशी नेटकी होती!

सिदूची जखम भरली होती. सगळ्यांत पुढची जागा त्याची. त्यानं डावा हातमोजा चढवला. मग दुसरा उजव्या हातात घातला आणि हसायला लागला. गाठी सगळ्या हाताच्या पाठीवर!

"अक्का, मला दोन्ही डावेच आले."

"कुणाशी तरी बदलून घे," भामाक्का म्हणाली. "एखादीनं घोळ केला असेल."

सिदू शेजारच्याकडे वळला. त्याच्याकडेही दोन्ही डावे. त्याच्या पलीकडच्याकडेही डावेच. मग जो तो आपापले हात बघायला लागला. भामाक्का टोपलीकडे धावली. उरलेल्या जोड्या उपसल्या, सोडवल्या, आपल्याच हातावर चढवून बघितल्या. डावा. डावा. हाही डावा. वीस माणसं, चाळीस हातमोजे, आणि त्यात उजवा म्हणून एकही नाही!

तिच्या पायाखालची जमीन सरकली. आपण चावडीवर काय बोलून गेलो, ते तिला त्या क्षणी आठवलं.

पैलतीरावर लहान मुलं रडत होती. थांबायला वेळ नव्हता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, आतली बाजू बाहेर करा! उलटून घाला!"

सगळ्यांनी उजव्या हाताचा हातमोजा उलटा केला. अंगठा बरोबर अंगठ्यात गेला, आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. पण उलटा केल्यावर गाठी गेल्या आत आणि गुळगुळीत बाजू आली बाहेर, हे त्या घाईत कुणाच्या डोक्यात आलं? कुणाच्याच नाही.

नाव माणसांनी भरून निघाली. अर्ध्या नदीपर्यंत नीट आली. मग पाण्यानं तिला हिसका दिला, आणि दोर वीसही जणांच्या उजव्या हातांतून साबणासारखा सुटला. डाव्या हातांनी तेवढा धरून ठेवला होता, पण एका हातानं नाव कुठे थांबते? ती खडकांकडे निघाली. नावेतल्या बायांची किंकाळी या काठावर ऐकू आली.

सिदूनं उजवा हातमोजा दातांनी ओढून फेकून दिला. दोराचे दोन वेढे उघड्या हाताला घेतले आणि पाय रोवून उभा राहिला.

"सिदू, नको!" भामाक्का किंचाळली. "अरे, नको रे!"

नाव थांबली. तेवढ्यात दोघांनी मागचा दोर खुंटाला गुंडाळला. पुढे हळूहळू ओढत नाव काठाला लावली. नावेतलं एकही माणूस गेलं नाही. पण सिदूच्या हातावरचे वेढे सोडवले, तेव्हा म्हाताऱ्या दोरकऱ्यांनीसुद्धा तोंडं फिरवली. वैद्य आला, त्यानं बघितलं आणि मान हलवली. हात कायमचा गेला होता.

आणि तुम्हाला वाटेल, भामाक्काला याहून मोठा धक्का आता बसायचा कुठला? थांबा. तो पुढेच होता.

दुसऱ्या दिवशी ती ते चाळीस हातमोजे घेऊन चावडीवर आली. बाया खाली माना घालून बसल्या होत्या.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मीच चुकीचं सांगितलं. पण मला एक कळत नाही. तुम्ही वीस जणी. एकीच्याही लक्षात आलं नाही?"

शेवटी ठमाबाई म्हणाली, "आलं होतं, अक्का."

"तुझ्या?"

"सगळ्यांच्याच. तुम्ही सांगितलंत तेव्हाच आलं. माझ्यासारख्या मठ्ठ बाईला कळलं, मग या शहाण्यांना कळल्याशिवाय राहील होय?"

भामाक्का मटकन खाली बसली. "सगळ्यांना माहीत होतं? माहीत असून तुम्ही पंधरा दिवस विणत बसलात?"

"तुम्ही म्हणालात, दुसराही असाच," एक हळूच म्हणाली.

"मला वाटलं, अक्कांच्या मनात काहीतरी वेगळं असेल," दुसरी म्हणाली. "अक्का कधी चुकतात का?"

कोपऱ्यातली एक बाई हुंदके द्यायला लागली. तिचा नवरा दोरकरी होता. "त्यांचा जोड मीच विणला, अक्का. विणताना कळत होतं, की हा त्यांच्या हातात बसणार नाही. तुमच्या दारापर्यंत आले होते मी. दोनदा आले. तुम्ही ठमाबाईंची टोपी उसवलीत ते आठवलं, आणि तशीच परत फिरले."

भामाक्काच्या मनात आलं, बाप रे! नवऱ्याच्या जिवाची भीती असते, आणि या बाईला माझी भीती त्याहून जास्त वाटली? हातमोजे चुकले ते जिभेच्या सवयीनं. पण ही दहशत? ही तर आपणच टाका टाका करून घातली. नदीची ओढ, ओला दोर, बर्फ, या सगळ्यांपेक्षा गाव आपल्याला भ्यायलं आणि सिदूचा हात त्यात गेला. तिला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. पण मारणार कोण? सगळ्या भ्यालेल्या.

ती उठली, ठमाबाईपुढे गेली आणि भरल्या चावडीत तिचे पाय धरले.

अशी माफी मागितली, की भीती लगेच जाते असं वाटतं ना तुम्हाला? नाही जात हो. पुढच्या वर्षी भामाक्कानं नवा नमुना सांगितला. शेजारी सिदू बसला होता, उजवा हात मांडीवर निर्जीव ठेवून. नमुना सांगून झाल्यावर ती म्हणाली, "यात काय चुकलंय ते सांगा." वीस जणी गप्प. त्याच्या पुढच्या वर्षीही गप्प. नुसती ठमाबाई काहीबाही विचारायची, पण तिची ती सवय जुनीच.

तिसऱ्या वर्षी तीच कोपऱ्यातली बाई उभी राहिली. "अक्का, चौथ्या ओळीत... एक टाका जास्त होतोय."

भामाक्कानं टाके मोजले. पुन्हा मोजले.

"टाके बरोबर आहेत गं," ती म्हणाली. "तुझ्या मोजण्यात चूक झाली."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती खाली बसणार, तोच भामाक्कानं तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"पण तू विचारलंस! माझे बाई, तू विचारलंस! ये, अशी पुढे, माझ्या शेजारी बस. आणि पाचव्या ओळीतही शंका आली, तर पुन्हा विचार."

त्या बाईनं पाचव्या ओळीत विचारलं. सातव्या ओळीत दुसरीनं विचारलं. तो नमुना पुरा व्हायला आठ दिवस जास्त लागले.

आणि बाळांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला शंका विचारायला माणसं भितात, त्याची चूक सगळे मिळून मुकाट्यानं पुरी करतात.