वाटीत वाटी बांधणारी अळी

जंगल उगवायच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंसुद्धा नव्हतं, मग कोल्हा आणि कावळा कुठून असणार? जे काही जिवंत होतं ते समुद्रात. अशाच एका उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी एक अळी राहत असे. असेल बोटाच्या पेराएवढी. अंग इतकं मऊ, की साधी लाट आली तरी दुमडायची. तिचं एक टोक तळाला चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड. पाण्यातून वाहत येईल ते बारीकसारीक खायचं आणि डुलत राहायचं, एवढंच तिचं काम.

तिच्या शेजारी एक गोधडी राहायची. आपण पांघरतो ती नव्हे बरं का. तो एक चपटा, पसरट जीव होता आणि त्याच्या अंगभर शिवणीसारख्या रेघा होत्या. समुद्राच्या तळावर शेवाळाची बुळबुळीत साय धरलेली असे. गोधडी तिच्यावर पडून राही आणि खालचं खाऊन झालं की हळूच पुढं सरके. ती वयानं मोठी, म्हणून अळी तिला आत्याबाई म्हणायची.

त्या तळाची एक रीत होती. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. पाण्याबरोबर तो प्रत्येकाच्या अंगात जायचा, आणि उजाडलं की प्रत्येकानं तो झटकून टाकायचा. अंगावर चुना ठेवील तो घाणेरडा. गोधडीला डोळे नव्हते, तरी कुणी झटकला आणि कुणी नाही हे तिला बरोबर कळायचं. "अंग कसं लोण्यासारखं हवं," ती म्हणायची. "आमच्यात कुणाच्या अंगाला कधी खरखर लागली नाही."

तोवर त्या समुद्रात कुणी कुणाला खात नसे. शेवाळ सगळ्यांना पुरून उरत होतं. पण एके दिवशी एकानं शेजाऱ्यालाच तोंड लावलं आणि त्याला ती चव लागली. सुतार गिरमिटानं लाकडाला भोक पाडतो ना, तसं तो अंगाला भोक पाडायचा, आतलं शोषून घ्यायचा आणि रिकामं कातडं टाकून पुढं जायचा. सगळे त्याला गिरमिटतोंड्या म्हणू लागले. तो दिसला की ज्यांना सरकता येत होतं ते सरकले.

अळीला मात्र जागचं हलता येईना. त्यात तिच्या कुशीतून एक पिल्लू फुटलं होतं, झाडाला फांदी फुटावी तसं. ते सुटं व्हायला अजून अवकाश होता.

"तळ सोड," गोधडी म्हणाली. "जोर लावलास तर निघशील. मग त्या सायीखाली शीर आणि गुमान पडून राहा."

"जोर लावला तर पिल्लू तुटेल, आत्याबाई."

"तुटू दे. तू राहिलीस तर आणखी फुटतील. ह्याला अजून धड डुलता येत नाही आणि तू त्याच्यासाठी जीव देतेस?"

"जीव द्यायचं कोण म्हणतंय? मी हलणार नाही, एवढंच म्हणते."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा सगळ्यांनी चुना झटकला. अळीनं झटकला नाही. तो तिनं अंगाभोवती गोल फिरवून लिंपला. त्याच्या पुढच्या दिवशी त्यावर आणखी लिंपला. होता होता तिच्याभोवती कांद्याच्या सालीइतक्या पातळ भिंतीची एक उभट वाटी तयार झाली. तोंड वर, वाटी वरून तिच्या तोंडापुरतीच उघडी, आणि आत आईच्या कुशीला पिल्लू.

"आज आंघोळ राहिली वाटतं," गोधडी म्हणाली.

"झाली की."

"मग कमरेला हे खरखरीत काय?"

"भिंत."

गोधडी इतकी हसली, की तिच्या सगळ्या शिवणी हलल्या. "घाणीची भिंत. ऐका हो, ही घाण पांघरून बसलीय. उद्या केराचा शेला घेशील."

अळीचं लिंपणं चालूच राहिलं.

आणि गिरमिटतोंड्या आला. त्यानं भिंतीला तोंड लावलं. त्याला असं काही कधी लागलं नव्हतं, पण भूक मोठी होती. तो खरडत बसला. सकाळचा बसलेला तो, दिवस कलला तेव्हा भोक आरपार झालं. अळीनं पिल्लाला कवटाळून अंग वर ओढलं, तरी त्यानं तिच्या बगलेचा एक घास तोडलाच. तेवढ्यात अंधारलं. अंधारात त्याला खाता येत नसे, म्हणून त्याला जावं लागलं.

"भिंत बांधलीस म्हणून उशीर झाला," जाता जाता तो म्हणाला. "उरलेली नंतर खाईन."

"बघ," गोधडी म्हणाली. "मी सांगत नव्हते? आता तरी टाक ती घाण. दुखतंय का फार?"

"दुखतंय," अळी म्हणाली. "पण आत्याबाई, तो काय म्हणाला ते ऐकलंत ना? उशीर झाला म्हणाला. बाकीच्यांना तो एका दमात संपवतो. माझ्यापाशी त्याचा अख्खा दिवस गेला."

"दिवस गेला आणि तुझा लचकाही गेला."

"लचका गेला. मी आहे."

मग तिनं विचार केला. हेच भोक बुजवावं, तर तो पुन्हा इथंच लागेल. म्हणून तिनं भोक तसंच राहू दिलं आणि अंग जरासं वर ताणून, पहिल्या वाटीच्या आत दुसरी वाटी बांधायला घेतली. दोन्हींच्या मध्ये थोडी फट ठेवली. मांडणीवर वाटीत वाटी ठेवतात ना, अगदी तशी. बगल ठणकत होती, खाणं अंगी लागत नव्हतं, आणि चुना तर अंगातूनच काढायचा. तरी तिनं एकही दिवस रिकामा जाऊ दिला नाही.

"आई, मी काय करू?" पिल्लानं विचारलं.

"तू चुना टाकू नकोस. बाकी मी बघते."

गोधडी ऐकत होती. आजूबाजूला रिकामी कातडी वाढत चालली होती. तिनं विचारलं, "काय गं, मला होईल का अशी वाटी?"

"तुमच्यासाठी ताट लागेल," अळी म्हणाली. "पण होईल. आजचा चुना टाकू नका, म्हणजे झालं."

"आज तर झटकून झाला. उद्यापासून बघू."

गिरमिटतोंड्या परत आला. जुनं भोक त्यानं ओळखलं, तोंड आत घातलं, आणि फटीपलीकडं ते खट्कन अडलं.

"अजून एक?" तो म्हणाला.

"हो," आतून आवाज आला.

"आणि ह्याच्या आत?"

"फोडून बघ."

तो खरडू लागला. अळीनं भिंतीला अंग टेकलं. खरखर कुठं लागते ते तिला अंगानं कळत होतं, आणि जिथं खरखर तिथं ती आतून चुना लावत होती. तो बाहेरून खरडे, ती आतून लिंपे. त्याला फटीतून तोंड वाकडं करून काम करावं लागत होतं. दुपार झाली, दुपार सरली.

"अगं, घासभरसुद्धा नाहीस तू," तो धापा टाकत म्हणाला. "एवढं राखण्यासारखं आहे तरी काय तुझ्यापाशी?"

"घासभर नाही ना? मग दुसरीकडं जेव."

तिची बगल पुन्हा फाटली होती, अंगातला चुना संपत आला होता. पिल्लू एकदम म्हणालं, "आई, माझ्यापाशी आहे," आणि त्यानं आपल्या इवल्या अंगातला चुना आईच्या चुन्यावर लावला.

बाहेरची खरखर थोडी मंदावली. मग थांबली. भोक अर्ध्या भिंतीतच राहिलं. उपाशी गिरमिटतोंड्या तोंड ओढून काढून बाजूला झाला. शेजारीच गोधडी पडली होती, स्वच्छ, लोण्यासारखी. तिथं त्याला मुळीच उशीर झाला नाही.

अळीनं "आत्याबाई" म्हणून हाक मारली. शेजारी रिकामं कातडं तेवढं पडलं होतं. ती रात्रभर जागी राहिली, आणि उजाडल्यावर तिसरी वाटी लिंपायला लागली. तोवर पिल्लानंही आईच्या बगलेला आपली स्वतःची वाटी सुरू केली होती. पुढं त्या समुद्रात शिंपले आले, गोगलगायी आल्या, आणि ज्यानं त्यानं आपापल्या तऱ्हेची भिंत शोधून काढली.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं पाहिलं कुणी? मुलांनो, त्या तळाचा पुढं दगड झाला. जाणती माणसं असा दगड घासून पाहतात, तेव्हा त्यात वाटीत वाटी बसवलेल्या इवल्या नळ्या सापडतात. काहींच्या भिंतीला गोल भोक असतं. एखाद्या नळीचं भोक आरपार न जाता मध्येच थांबलेलं असतं. ते पाडणारा कोण होता, कसा दिसायचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. त्याचं तोंड गिरमिटासारखं असावं, हे मी त्या भोकावरूनच सांगते. त्याचं बाकी काही उरलं नाही.

तात्पर्य : पहिली भिंत फुटली म्हणून बांधणं सोडू नये, ती फोडायला वैऱ्याला किती वेळ लागला ते पाहावं आणि त्याच दिवशी दुसरी बांधायला घ्यावी.