लिहून आण, सही करते

"वाचताय कशाला मॅडम? नुसती सही करा ना."

सुयोग गव्हाणे टेबलापाशी उभा होता. विद्यापीठाचा सुवर्णपदकवाला. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीची एक जागा निघाली होती. अर्ज पाचला बंद होणार होता. साडेतीन वाजले होते. तीन शिफारसपत्रं लागत होती. दोन झाली होती, तिसरं उपासनी मॅडमच्या हातात होतं.

तिन्ही सुयोगनंच लिहिली होती. आपल्याकडे असंच चालतं. पोरगा पत्र मागायला जातो, सर म्हणतात, तूच लिहून आण. मग पोरगा स्वतःची आरती स्वतःच लिहितो आणि खाली सरांचं नाव टाकतो. विभागप्रमुखांनी फोनवर बोलता बोलताच सही ठोकली होती. कुणाचं पत्र, एवढंसुद्धा विचारलं नाही.

मॅडमनी वाचून दाखवलं. "'माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात असा विद्यार्थी मी पाहिला नाही.' हे मी म्हणतेय?"

"सगळे तसंच लिहितात."

"मी कधी म्हटलं?"

"लिहून आण, असं तर तुम्हीच म्हणालात! आणि याआधीही सह्या केल्यात की. तेव्हा नाही वाचलंत."



"नाही वाचलं," त्या म्हणाल्या. "कंटाळा केला मी."

एवढं कबूल करणारे प्राध्यापक फार नसतात.

"दोन वर्षं माझ्या लॅबमध्ये होतास. त्या व्हॅक्यूम पंपाचं यात काहीच कसं नाही?"

"ते कशाला घालू? चूक होती माझी. सील नीट बसवलं नव्हतं मी, हवा आत जात होती. चार महिन्यांची रीडिंग वाया गेली."

"कुणाच्या लक्षात आलं होतं?"

"कुणाच्याच नाही. आलेख मस्त येत होते."

"मग?"

"मग काय... मीच येऊन सांगितलं तुम्हाला."

"मी काय म्हटलं?"

"ओरडलात. तुमचा पेपर पाठवायचा होता त्या आठवड्यात."

मॅडमनी पत्रावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

"अहो मॅडम, काय करताय!"

त्यांनी कोरं लेटरहेड काढलं. हातानंच लिहिलं. सहा-सात ओळी. सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

सुयोगनं वाचलं. सील होतं. चार महिने होते. आपण त्याच्यावर ओरडलो, हेही मॅडमनी लिहिलं होतं. सुवर्णपदक कुठेच नव्हतं.

"हे पाठवू?" त्यानं कागद परत टेबलावर ठेवला. "नऊ ठिकाणी अर्ज केले, मॅडम. कुणी 'नाही' म्हणायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. घरी सगळे विचारतात, झालं का, झालं का... हा दहावा. याच्यानंतर मी बंद करणार आहे हे सगळं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"दहावा कुठला, सुयोग? अर्ज तू आज पहिल्यांदा करतोयस."