नाण्यावरची फिकट जागा

खूप खूप मागे, नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी एक नावाडी आणि त्याची लेक राहत होते.

नावाड्यापाशी चांदीचं एक जुनं नाणं होतं. ते त्याच्या बायकोच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असायचं. सांजेला त्याची नाव परतेपर्यंत ती काठावर बसे आणि नाणं चिमटीत धरून चोळत राही. लेक रांगत होती तेव्हाच ती गेली. नाणं काळवंडलं होतं, पण जरा तिरपं धरलं की त्यावर पारव्याच्या गळ्यासारखे निळे-जांभळे रंग हलायचे.

लेकीचं लग्न ठरलं. आईचं म्हणून द्यायला घरात तेवढंच होतं. नावाड्याची बहीण मात्र म्हणाली, "दादा, हे काळंकुट्ट लेकीला देतोस? सासरची माणसं नाकं मुरडतील. चिंच लाव, राख लाव, लख्ख कर."

लोक काय म्हणतील या भीतीवर औषध नाही, बाळांनो, मोठ्यांनाही नाही! नावाडी चिंच आणि राख घेऊन नदीवर गेला. पाण्यावर धुकं तरंगत होतं. त्याने एक बाजू घासली. ती लख्ख उजळली, तसा तो खूश झाला.

तेवढ्यात एक म्हातारं कासव पाण्यातून वर आलं. "नावाड्या, ती रोज इथेच बसायची. तिचं बोट फिरायचं ती जागा कुठे रे?"

नावाड्याने नाणं डोळ्यांजवळ नेलं. सगळीकडे सारखाच लखलखाट होता. घाईघाईने त्याने नाणं उलटलं. तिकडे जांभळ्या काळोखाच्या मधोमध अंगठ्याएवढी एक फिकट, गुळगुळीत जागा अजून होती.

"ही घासू नको म्हणून सांगायला आलंस होय?" त्याने विचारलं.

"मी कुठे काय सांगितलं? नुसतं विचारलं," म्हणत कासव बुडालं.

नावाडी काठावर बसून पोटभर रडला आणि उरलेली चिंच नदीत सोडून घरी आला.

लग्नाच्या दिवशी त्याने नाणं लेकीच्या हातावर ठेवलं. लख्ख बाजू पाहून आत्याबाई खुलल्या. लेकीने ते उलटलं, सहज अंगठा टेकवला. तो त्या जागेत नेमका बसला.

"बाबा, आई हे असंच धरायची?"

"हो पोरी, माझी वाट बघताना." मग तो हळूच म्हणाला, "मागच्या बाजूला तिचं बोटही होतं. ते मी घासून टाकलं."

आईचा चेहराही न आठवणारी ती लेक कितीतरी वेळ अंगठा न काढता उभी राहिली.

लख्ख बाजू पुढे पुन्हा काळवंडली, पण ते बोट तिच्यावर परत काही दिसलं नाही.

तात्पर्य: जुन्या वस्तूचा काळेपणा घासण्याआधी, त्यात कुणाचा हात राहून गेला आहे ते पाहावं.