डोक्यावरचं काढा

पळसगडच्या राजेसाहेबांचा सकाळचा चहा गार होऊन गेला, कारण त्यांच्या ॲपचे तारे घटले होते.

काल संध्याकाळपर्यंत पुरते पाच होते. आज बघतात तर चार पूर्णांक नव्व्याण्णव. आता एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं? पण राजेसाहेब महाहट्टी. 'मायबाप' नावाचं हे ॲप त्यांनी मोठ्या हौसेनं काढलं होतं. पूर्वी दर सोमवारी लोक राजवाड्याच्या पायरीवर गाऱ्हाणी घेऊन यायचे. ते त्यांनी बंद केलं आणि हुकूम काढला, की यापुढं जे मागायचं, जे द्यायचं, ते ज्यानं त्यानं स्वतः ॲपवरून. तोंडी काही चालणार नाही.

आणि तारे म्हणाल, तर ते फाटकावरचा दरवान गोळा करायचा. स्टुलावर टॅबलेट ठेवलेला. "पाच दाबा आणि आत जा," म्हणायचा. लोक दाबायचे. आत जायचं असायचं ना!

"एक तारा कुणी दिला?" राजेसाहेबांनी विचारलं.

"ठकूबाई माळणीनं," दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. "देवघरात फुलं आणून देते ती."

ठकूबाईला बोलावणं गेलं. ती आली, डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली.

"आमच्या ॲपला एकच तारा?"

"शून्याचं बटण नव्हतं, सरकार."

दिवाणांना ठसका लागला. राजेसाहेब लाल झाले. "काय वाईट आहे त्यात?"

"माझ्या मळ्याच्या पाटाला तुमच्या माणसांनी कुलूप घातलं, त्याला महिना झाला. शेवंती वाळत चाललीय. किल्ली मागायची तर ॲपवर. ॲप म्हणतं, आधी फोटो. फोटो काढला तर म्हणतं, डोक्यावरचं काढा. उभ्या जन्मात परक्यापुढं पदर ढळू दिला नाही मी. आता ह्या मेल्या काचेपुढं ढळू देऊ?"

"क्षणभर काढला तर काय आभाळ कोसळतं? तीनशे नव्व्याण्णव लोक खूश आहेत. तू एकटीच कुरकुरतेस."

"खूश कुणी नाही, सरकार. बोलत नाहीत एवढंच."

हे मात्र झोंबलं. राजेसाहेब म्हणाले, "मग चार दिवस देतो. ॲप वाईट आहे असं भर दरबारात सांगणारा फक्त एक माणूस आण. आणलास तर किल्ली तुझी. नाही आणलास तर मळा आमचा."

ठकूबाईनं गाव पालथा घातला. लोहार म्हणाला, "भिकार आहे ॲप. पण माझं नाव घेऊ नकोस." न्हावी म्हणाला, "तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा 'धन्यवाद' आलं, दुसरं काही आलं नाही. पण मी काही बोललो नाही हं." दरवानानंसुद्धा इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, की त्याची स्वतःची रजा दोन महिने ॲपमध्ये अडकलीय. दरबारात यायला मात्र एकही तयार होईना.

तिसऱ्या दिवशी ती वाळल्या शेवंतीत बसून रडली. हा मळा तिच्या सासूनं दगड वेचून उभा केला होता. हा गेला की तिला जायला कुठंच जागा उरणार नव्हती. मग तिनं डोळे पुसले, उरलीसुरली फुलं खुडली आणि देवघराकडं निघाली. वाटेत राजवाड्याच्या दारावरची राजेसाहेबांची तसबीर दिसली. ठकूबाई तिच्याकडं बघत बराच वेळ उभी राहिली. परत आली ती गुणगुणत.

चौथ्या दिवशी दरबार खच्चून भरला. ठकूबाई एकटीच आली.

"कुठं आहे तुझा साक्षीदार?" राजेसाहेबांनी मिशीवर ताव दिला.

"आहे सरकार, इथंच आहे. पण अभय मिळाल्याशिवाय तो बोलायचा नाही."

"दिलं अभय."

"तोंडी कसं चालेल? द्यायचं ते ॲपवरून, आणि ज्यानं त्यानं स्वतः. तुमचाच हुकूम आहे."

दरबारात खसखस पिकली. हुकूम तर होताच. राजेसाहेबांनी फोन काढला. आजवर त्यांचं सगळं दिवाणच भरून द्यायचे. आताही ते लगबगीनं पुढं आले.

"पंत, स्वतः म्हणजे स्वतः," ठकूबाई म्हणाली. पंत मागं सरले.

राजेसाहेबांनी नाव घातलं. ॲप म्हणालं, नाव फार मोठं आहे. पदव्या गाळल्या, तेव्हा घेतलं. पत्ता घातला, 'राजवाडा'. ॲप म्हणालं, घर क्रमांक लिहा. राजवाड्याला कसला आलाय क्रमांक? तिथं एक घातला. घाम पुसत फोटो काढला. ॲप म्हणालं, डोक्यावरचं काढा.

पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच. डोक्यावरचं काढा.

"फेटा काढू?" राजेसाहेब ताडकन उभे राहिले. "गादीवर बसल्यापासून हा फेटा कुणासमोर उतरला नाही. पळसगडची रीत आहे ती! आणि हे दीडदमडीचं यंत्र मला सांगतंय? ॲप आहे का छळ आहे हा? भिकार आहे, अगदी भिकार!"

दिवाणांनी कपाळाला हात लावला.

ठकूबाईनं हात जोडले. "झालं सरकार. माझा साक्षीदार बोलला. सगळ्यांनी ऐकलं."

राजेसाहेब तिच्याकडं बघत राहिले. मग हातातल्या फोनकडं बघितलं. मग तिच्या डोक्यावरच्या पदराकडं. आधी त्यांची मिशी हलली, मग पोट हलायला लागलं, आणि मग ते असे हसले, की फेटा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"अगं, पण तुझ्या साक्षीदाराला अभय कुठं मिळालं? ते तर अडकलंय ह्यात!"

"मी देते की, सरकार," ठकूबाई म्हणाली. "तोंडी चालेल ना?"

राजेसाहेबांनी पाटाची किल्ली स्वतःच्या हातानं तिच्या ओंजळीत ठेवली. वर शेवंतीची शंभर रोपं आणि जरीकाठी लुगडं दिलं. पुढल्या सोमवारपासून पायरीवर गाऱ्हाणी ऐकायला ते स्वतः बसू लागले, आणि दरवानाची रजा पहिल्याच सोमवारी मंजूर झाली.

पण दरबार झाला त्याच संध्याकाळी ॲपचे तारे आणखी थोडे घटले. फाटकावर येऊन एकच तारा कुणी दाबला, ते दरवानाला पक्कं ठाऊक आहे. तो एवढंच सांगतो, की दाबणाऱ्याच्या डोक्यावर फेटा होता.