कानापर्यंत पोचलेला हात

खेळाडूचा ऐन बहर सत्ताविसाव्या वर्षी येतो आणि तिशीनंतर उतार लागतो, असं बास्केटबॉल संघाचे मालक आबासाहेब खर्डेकर यांनी कुठंतरी वाचलं. लगेच त्यांनी तिशी ओलांडलेल्यांना घरी पाठवायला घेतलं. साडेसहा फुटी बळीराम घुगेच्या शाळेच्या दाखल्यावर एकतीस वर्षं भरत होती, पण आपण तिशीच्या आतलेच आहोत असं तो म्हणत होता.

"दाखला खोटा आहे का?" आबासाहेबांनी विचारलं.

"खोटा नाही, अंदाजाचा आहे," बळीराम म्हणाला. "आमच्याकडं जन्माची नोंद कोण करतंय? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की गुरुजी सहा वर्षं पूर्ण लिहायचे. माझा हात चौथ्या वर्षीच पोचला. ज्या लांब हातांसाठी तुम्ही मला संघात घेतलंत, त्यांनीच माझी दोन वर्षं वाढवली. मी एकोणतीसचा आहे."

"असं कुठं वय ठरतं का," म्हणत आबासाहेबांनी स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन पाहिला. दंड जाड, खांदा आखडलेला. बोटं कानाच्या बरीच वर अडकली.

बळीराम अदबीनं म्हणाला, "साहेब, गुरुजींनी तुम्हाला अजून पहिलीत घेतलं नसतं."

आबासाहेबांनी हात खाली घेतला, तो त्याच्या करारावर सही करायलाच.